वाटून घेतला म्हणून दोष संपत नाही

आमच्या भागात लग्नाची बोलणी सुरू झाली की हल्ली सिकलसेलचं कार्ड विचारलं जातं. मुलाचं आणि मुलीचं कार्ड शेजारी ठेवून बघायचं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर एकाही मुलाला आजार होत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, हे त्याचं उद्दिष्ट. दादरा-नगर हवेलीची निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी आहे. वारली, धोडिया, कोकणा हे इथले मोठे समाज. बोटातून काढलेला रक्ताचा तो थेंब आमच्यासाठी फार मोलाचा आहे. सिकलसेलच्या कळा येतात तेव्हा पोरं हातपाय आवळून कशी रडतात, हे मी वर्गात पाहिलं आहे. म्हणून पुढे लिहिते आहे ते या मोहिमेच्या विरोधात नाही, तिच्या बाजूचं आहे.

मी इथल्याच सुरंगी गावात राहते. माझी सारी नोकरी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत गेली. इथल्या घरांचे सोयरसंबंध तलासरी, डहाणू, जव्हारपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला कपराडा, धरमपूरपर्यंत पसरलेले असतात. एकच कुटुंब दोन राज्यं आणि एक केंद्रशासित प्रदेश अशा तीन आरोग्यव्यवस्थांच्या वह्यांत नोंदलेलं असतं. अशाच एका घरातली ही गोष्ट. गाव, कार्यालय, माणसं यांची नावं मी लिहीत नाही, कारण ज्या मुलीबद्दल लिहायचं तिचं नाव आधीच नको तितक्या लोकांपर्यंत पोचलं आहे.

तपासणीचं शिबिर झाल्यावर एक यादी तयार झाली. नाव, वडिलांचं नाव, वय, पाडा, मोबाइल नंबर आणि शेवटच्या रकान्यात निकाल. कोणीतरी तिचा फोटो काढून कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तिथून ती दुसऱ्या ग्रुपवर गेली, मग तिसऱ्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या यादीत वाहक म्हणून होती. अंगाने ठणठणीत मुलगी, लग्न ठरत आलेलं. मुलाकडच्यांच्या मोबाइलवर यादी पोचली. त्यांनी मुलाची तपासणी करून घेतलीच नाही, नुसता निरोप धाडला की जमायचं नाही. त्या मुलीला तिचा निकाल कोणी शेजारी बसून समजावून सांगण्याआधी तो नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक झाला होता.

तिच्या वडिलांबरोबर मी विचारायला गेले. ज्याने रक्त घेतलं तो म्हणाला, मी फॉर्म भरून पुढे दिला. संगणकावर नोंद करणारा म्हणाला, मला दिलं ते मी भरलं. फोटो टाकणारा म्हणाला, वरून सांगितलं होतं, लगेच पाठवा. वरच्याने सांगितलं, आकडे मागितले होते, नावं मागितली नव्हती. शेवटी एकाने ‘सिस्टीमचा प्रॉब्लेम’ असं म्हणून विषय मिटवला. सगळे सौजन्याने बोलले आणि कोणी उद्धटपणा केला नाही. घरी आल्यावर मुलीची आजी म्हणाली, “कोणाच्या मनात पाप नव्हतं बाई. ते सगळे निमित्त झाले. आपल्याच नशिबात होतं.”

आजीच्या या बोलण्याने मला झोप येऊ दिली नाही. संध्याकाळी आम्ही काही जणी मिळून ज्ञानेश्वरी वाचतो. नशीब, निमित्त आणि निर्मळ मन हे तिन्ही शब्द त्या वाचनात नेहमी येतात. ज्याचं नुकसान झालं त्याच्याच तोंडून ते नुकसान करणाऱ्याच्या सुटकेसाठी बाहेर पडावेत, हे मला धर्माला धरून वाटेना. म्हणून या तिन्हींचा विचार मी नीट करायचं ठरवलं.

आधी नशीब. आपल्याकडे दुखणं आलं की पूर्वकर्माचं फळ म्हणण्याची सवय आहे आणि सिकलसेलसारख्या रक्तातून येणाऱ्या आजाराला तर ती चटकन चिकटते. पण वाहक असणं म्हणजे शिक्षा नव्हे. आईबापांपैकी एकाकडून आलेला तो एक जनुक आहे. मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून तो संरक्षण देतो, म्हणूनच जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे तो टिकून राहिला. ज्याला आज घरातला डाग समजतात, त्यानेच या रानांत पूर्वजांची कितीतरी मुलं जगवली असतील. आणि समजा, आजार हा कर्मभोग आहे असं क्षणभर मान्य केलं, तरी यादी बाहेर जाणं हा भोग नाही. ते कोणाच्या तरी हातून घडलेलं कर्म आहे. कर्मसिद्धान्त मानायचा तर तो आधी करणाऱ्याला लागू होतो. सोसणाऱ्याच्या माथी तो मारून करणाऱ्याला मोकळं सोडणं, हे त्या सिद्धान्ताला उलटं टांगणं आहे.

आता निमित्त. गीतेच्या अकराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला निमित्तमात्र हो म्हणतात. ते कोणाला म्हणतात हे पाहिलं पाहिजे. धनुष्य खाली टाकून कर्तव्य सोडू पाहणाऱ्याला उठवण्यासाठी ते सांगणं आहे. कर्तव्यात कसूर केलेल्याला पाठीशी घालण्यासाठी नाही. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं येतात. अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. ज्ञानेश्वरांनीही या पाचांचं सविस्तर विवरण केलं आहे. आमच्या यादीच्या बाबतीत ही पाचही जागेवर दिसतात. कार्यालय हे अधिष्ठान, माणसं हे कर्ते, मोबाइल आणि संगणक ही करणं, भरणं-पाठवणं-पुढे ढकलणं या चेष्टा, आणि ती नेमकी त्या घरापर्यंत पोचली हे दैव. पाच कारणं आहेत म्हणून एकटा कोणी कर्ता नाही, हे खरं. पण त्या पाचांत कर्ता आहेच, त्याला कोणी वगळलेलं नाही. ‘सिस्टीम’ म्हणणाऱ्याने चार कारणं मोजली आणि स्वतःचं तेवढं सोडलं.

यावर कोणी म्हणेल, त्याच अध्यायात असंही आहे की ज्याला मी करतो असा अहंकार नाही, तो करूनही बांधला जात नाही. मान्य. पण ती स्थिती सिद्ध पुरुषाची. तपासणीचं उद्दिष्ट पूर्ण झालं तेव्हा ज्याने सत्काराची शाल खांद्यावर घेतली, तो तेव्हा कर्ता होता. यादी फुटल्यावर त्याला अकर्ता होता येणार नाही. श्रेयाला कर्ता आणि दोषाला निमित्त, अशी सोय गीतेने कोणालाच दिलेली नाही.

तिसरं, निर्मळ मन. हा सगळ्यांत अवघड आधार आहे, कारण तो बहुतेक वेळा खरा असतो. त्या यादीमागे कोणाचं वैर नव्हतं. आपले कायदेही हेतूला मान देतात. पुण्या-मुंबईच्या प्लेगच्या वेळी झालेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याचं चौथं कलम सांगतं की या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल कोणावर दावा चालणार नाही. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या झडत्यांत घराघरांची अब्रू कशी निघाली, तो इतिहास महाराष्ट्राला शिकवायला नको. करोनात तोच कायदा पुन्हा वापरात आला. रुग्णांच्या दारावर फलक लागले, नावांच्या याद्या फिरल्या. सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याशिवाय घराबाहेर फलक लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाला ९ डिसेंबर २०२० रोजी सांगावं लागलं. तोवर कितीतरी घरांना वाळीत टाकल्यासारखं झालं होतं, आणि फलक लावणाऱ्यांचा हेतूही रोग थांबवण्याचाच होता.

नकळत घडलेल्या चुकीबद्दल आपल्या धर्मशास्त्रांनी काय म्हटलं आहे? मनुस्मृती मी श्रद्धेने वाचत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती ज्या कारणांसाठी जाळली गेली, ती कारणं मला पटतात. पण ज्यांना शास्त्राचा आधार हवा असतो त्यांच्यासाठी सांगते, प्रायश्चित्ताच्या प्रकरणात ती जाणून केलेलं पाप आणि न जाणता घडलेलं पाप यांत फरक करते, पण न जाणता घडलेल्यालाही प्रायश्चित्त सांगते. कमी सांगते, शून्य नाही. हेतूने दोषाचं वजन बदलतं. दोष नाहीसा होत नाही.

मग ते वजन करायचं कसं? मला पतंजलींचं योगसूत्र इथे सर्वांत उपयोगी वाटलं. दुसऱ्या पादात हिंसेचे तीन प्रकार येतात. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि घडताना मान्य केलेली. कृत, कारित, अनुमोदित. प्रत्येकीच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो आणि प्रत्येक सौम्य, मध्यम वा तीव्र असते. जैन विचारातही करणं, करवणं, अनुमोदणं ही त्रिपुटी पक्की आहे. एका कृत्याचे धागे इतक्या बारकाईने सोडवणारी परंपरा आपल्याकडे असताना ‘सगळेच जबाबदार, म्हणून कोणीच नाही’ असं म्हणायची आपल्याला गरज नाही. फोटो टाकणाऱ्याचं कृत आहे, मोहातून आलेलं, सौम्य. नावांशिवाय आकडे कसे पाठवायचे याची सोय न करता ‘लगेच पाठवा’ म्हणणाऱ्याचं कारित आहे, आणि ते मध्यम आहे, कारण घाई त्याने लादली. ग्रुपवर यादी पाहून गप्प बसलेल्या प्रत्येकाचं, आणि ती पुढे ढकलणाऱ्याचंही, अनुमोदित आहे. आणि असे प्रकार आधी कानावर येऊनही ज्या वरिष्ठाने काही बदललं नाही, त्याचं अनुमोदन तीव्र आहे. दोष वाटला गेला, पण वाटल्याने तो संपला नाही. उलट प्रत्येकाच्या वाट्याला किती, ते आता स्पष्ट दिसतं.

हे पोथीतच राहतं असं नाही. २०१८ मध्ये सिंगापूरच्या सिंगहेल्थ या सार्वजनिक आरोग्यसेवेतून सुमारे १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, त्यांत खुद्द पंतप्रधान होते. चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये लोकांसमोर ठेवला गेला. संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेतल्या दोघांना काढलं, एकाला खालच्या पदावर आणलं, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह वरिष्ठांना पैशाचा दंड केला. धोका ओळखून झटलेल्या तिघांचा गौरवही केला. संस्थांना मिळून १० लाख सिंगापूर डॉलरचा दंड झाला. चोर बाहेरचा होता म्हणून आतल्यांचा दोष पुसला गेला नाही, आणि सगळा भार सर्वांत खालच्या माणसावर टाकूनही मोकळं होता आलं नाही.

आमच्याकडे याउलट दिसतं. १२ जून २०२३ रोजी बातमी आली की टेलिग्रामवर मोबाइल नंबर टाकला की करोनाची लस घेतलेल्याचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, लसीकरणाचं केंद्र बाहेर येतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच दिवशी या बातम्या निराधार आणि खोडसाळ असल्याचं सांगितलं. पुढे पोलिसांनी या प्रकरणात अटक केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ८१ कोटींहून अधिक भारतीयांची माहिती विक्रीला असल्याच्या बातम्या आल्या, तिचा संबंध आयसीएमआरकडच्या करोना चाचण्यांच्या नोंदींशी जोडला गेला, डिसेंबरात दिल्ली पोलिसांनी चौघांना पकडलं. सुरंगीत लस मीही घेतली, माझा नंबर, माझं ओळखपत्र त्या नोंदींत आहे. पकडलं कोणाला हे मला वर्तमानपत्रातून कळलं. राखणदारीत कोण चुकलं आणि माझं काय गेलं, हे सांगायला कोणी आलं नाही.

इथे मला ठेवीचा जुना न्याय आठवतो. विश्वासाने सोपवलेली वस्तू सांभाळण्यावर आपल्या स्मृतिकारांनी स्वतंत्र प्रकरणं लिहिली. चोराने, पुराने, आगीने ठेव गेली तर राखणाऱ्याला दोष नाही, असं ते म्हणतात. पण नारद आणि बृहस्पती यांची कसोटी त्याहून पुढे जाते. राखणाऱ्याचं स्वतःचं सामानही ठेवीबरोबरच गेलं असेल, तर तो सुटला. स्वतःचं जपून ठेवलं आणि दुसऱ्याचं हयगयीने जाऊ दिलं असेल, तर त्याने भरून द्यावं. ही कसोटी कुठल्याही दवाखान्याला आज लावून बघा. कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तिका कुलुपात असतात, रुग्णांचं रजिस्टर मात्र उघड्या टेबलावर. स्वतःचा पासवर्ड कोणी सांगत नाही, पण नोंदींच्या संगणकाचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो.

सार्वजनिक आरोग्यसेवेतली ठेव आणखी जड असते, कारण ती राजीखुशीची नसते. सुरंगीच्या आजूबाजूच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेली माणसं काम करतात, एकेका खोलीत दाटीने राहतात. त्यातल्या एखाद्याला टीबी निघाला तर सरकारला कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे, आणि निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे १००० रुपये हवे असतील तर बँकखातंही द्यावं लागतं. ते द्यावंच, कारण औषध आणि आहार त्यावर अवलंबून आहे. पण तीच माहिती ठेकेदाराच्या किंवा घरमालकाच्या कानावर गेली, तर खोली जाते, काम जातं. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्याकडून घेतलेली ठेव दुप्पट जपली पाहिजे. रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, हे चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्याच्या शिष्याला दीक्षेच्या वेळीच बजावलं आहे.

खेड्यात सगळ्यांना सगळं माहीतच असतं, गुप्तता ही शहरी चैन आहे, असं काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. आमच्या पाड्यांवरच्या जुन्या सुइणींना घराघरातलं काय माहीत नव्हतं? कुठलं मूल कसं झालं, कोणाचं पोट का पडलं, सगळं. ते त्यांच्याबरोबरच गेलं. गुप्तता इथे होती. ती माणसाच्या शब्दावर उभी होती, आणि तो शब्द मोडणाऱ्या सुइणीला पुन्हा कोणी दारात बोलावलं नसतं.

कायद्यात काय आहे? १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्स कायदा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला माहिती जपण्याची व्यवस्था करायला लावतो आणि तिथल्या माणसांचं उत्तरदायित्व ठरवण्याची यंत्रणाही त्यात मागतो. एका आजारासाठी हे शक्य झालं, तर सिकलसेल आणि टीबीसाठी का होऊ नये? ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत दिली गेली. सुरक्षेत कसूर केल्यास दंड २५० कोटींपर्यंत आहे. पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. जिचं लग्न मोडलं तिच्या हाती त्यातून काही येत नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं ४३-अ कलम कंपन्यांपुरतंच, आणि नव्या कायद्यात तेही वगळण्याची तरतूद आहे. शिवाय केंद्र सरकारला स्वतःच्या काही यंत्रणांना यातून सूट देता येते. सामान्य माणसाला जिथे एक कार्षापण दंड, तिथे राजाला हजार, असं मनुस्मृतीसारख्या ग्रंथातही आहे. लोकशाहीने त्याहून कमी मागावं, हे मला लाजिरवाणं वाटतं.

या नव्या कायद्यातली एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवलंच पाहिजे. प्रायश्चित्ताच्या अंगांत स्मृतींनी ख्यापन आणि अनुताप ही दोन्ही मोजली आहेत. आपलं पाप स्वतःच्या तोंडाने सांगणं आणि त्याचा खरा पश्चात्ताप होणं. नाकारण्यात दोष वाढतो, कारण तेव्हा पहिल्या हयगयीवर असत्याची भर पडते. आणि ज्याला कळवलंच नाही, त्याला स्वतःला सावरण्याची संधीही मिळत नाही.

एवढं कडक झालं तर कर्मचारी घाबरतील, काम अडेल, ही भीती मी समजू शकते. आशाताई स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर किती नोंदी करतात ते मी पाहते. म्हणूनच माझा आग्रह आहे की दोषाचं वजन अधिकाराच्या प्रमाणात पडावं. ज्याच्या हातात व्यवस्था बदलण्याची ताकद होती, त्याचा वाटा मोठा. यादी पाठवणाऱ्या मुलाला नोकरीवरून काढून प्रकरण मिटवलं, तर तो न्याय नव्हे, आणखी एक अन्याय आहे. भीती कर्मचाऱ्यांना तोडत नाही. आपल्यावर सगळं ढकललं जाईल ही खात्री तोडते.

त्या मुलीच्या घरी आजवर कोणी गेलेलं नाही. कोणाला तुरुंगात टाका, अशी तिच्या वडिलांची मागणी नाही. आमच्याकडून चूक झाली, ती कशी झाली, ती पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही हे केलं, एवढं त्यांना समोर बसून कोणीतरी सांगायला हवं आहे, आणि वाहक मुलगी निरोगी असते हे त्या सोयऱ्यांनाही कोणीतरी अधिकाराने जाऊन समजावायला हवं आहे.

आरोग्यखात्याच्या प्रत्येक पातळीवरच्या लोकांना माझी विनंती आहे. निकालाची नावनिशीवार यादी ग्रुपवर टाकू नका, वर आकडे पाठवा, नावं नाही. निकाल आधी ज्याचा त्याला सांगा, शेजारी बसून. कार्ड त्याच्याच हातात द्या आणि कोणाला दाखवायचं ते त्याला ठरवू द्या. माहिती फुटली तर तुम्ही स्वतः त्या घरी जा, नाकारण्याआधी. आणि प्रत्येक केंद्रावर नोंदींची राखण कोणाकडे आहे, त्या अधिकाऱ्याचं पद भिंतीवर लिहा. वाचकांनाही सांगणं आहे. पुढच्या खेपेला अशी एखादी यादी तुमच्या मोबाइलवर आली, तर ती पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याला तिथेच थांबवा आणि ज्या कार्यालयाची ती असेल त्याला लेखी कळवा. यादी आपल्यापर्यंत आली त्या क्षणी त्या दोषातला एक वाटा आपल्यापुढे ठेवलेला असतो, आणि तो उचलायचा की नाही हे पूर्णपणे आपल्या हातात असतं.